करंट खात्यात पैसे पडून, तिकडे सीसीचं (कॅश क्रेडिट, धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) व्याज चालू, वर बाऊन्स चार्ज. कसं बसवायचं?

स्पेअरपार्ट_मिरज:
मिरजेत टू व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप. एका सहकारी बँकेत ८ लाखाची सीसी आहे १०.५ टक्क्यानं, त्यातले ६ लाख जवळजवळ कायम उचललेले असतात. दुसऱ्या बँकेत करंट खातं आहे कारण क्यूआर आणि स्वाइप मशीन त्यांचं, रोजचं कलेक्शन तिथं येतं आणि डिस्ट्रिब्युटरचं पेमेंट जाईपर्यंत कधी दीड कधी चार लाख नुसतेच पडून राहतात. टेम्पोचा हप्ता पण त्याच खात्यातनं ५ तारखेला. मागं ५ तारीख रविवारी आली, शनिवारी डिस्ट्रिब्युटरला पैसे सोडले, सोमवारी भरणा करणारच होतो तर रविवारीच हप्ता बाऊन्स. बँकेनं ५९० घेतले, फायनान्सवाल्यांनी वेगळे. सुट्टीच्या दिवशी कसं काय कापतात हे? आणि बँकवाला म्हणतोय ऑटो स्वीप (खात्यातले जास्तीचे पैसे आपोआप एफडीत) लावा, घरचे म्हणतात सेव्हिंगला टाका. सीए फोन उचलत नाही. कुणी सांगेल का?

जमाखर्च_इचल:
दादा तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे की. एकीकडे साडेदहा टक्क्यानं उचललेत आणि दुसरीकडे शून्य टक्क्यानं ठेवलेत. करंट खात्यावर व्याज द्यायलाच परवानगी नाही रिझर्व्ह बँकेची, त्यामुळे बँक बदलून फरक पडणार नाही. सरासरी अडीच लाख पडून असतात धरू. ते सेव्हिंगला अडीच टक्क्यानं (स्टेट बँकेचा दर तेवढाच आहे) वर्षाला ६,२५० देतील, ६ टक्क्याची एफडी १५,००० देईल आणि तेच सीसीत भरून ठेवले तर २६,२५० व्याज वाचतं. शिवाय लागतील तेव्हा परत उचला, सीसीचं व्याज रोजच्या बाकीवरच लागतं, संध्याकाळी भरून चार दिवसांनी काढले तरी चार दिवसाचं वाचलं. एफडी मोडायची भानगड नाही. मी तर म्हणेन सहकारी बँकेचा क्यूआर लावा, कलेक्शन थेट सीसीतच पडू दे. सीसीच्या रिन्यूअलला पण उपयोग होतो, छोट्या धंद्याला लिमिट काढताना उलाढालीच्या २० टक्के असा हिशोब धरतात आणि विक्री सीसीतनं फिरलेली दिसली की मॅनेजर फार प्रश्न विचारत नाही.

काउंटर_नंबर_तीन:
मी बँकेतून रिटायर झाले, म्हणून दोनतीन गोष्टी. हप्ता नाचवर (NACH, खात्यातनं हप्ता आपोआप कापायची सोय) असतो आणि नाच १ ऑगस्ट २०२१ पासून रविवार, सण, बँक हॉलिडे सगळ्या दिवशी चालतं. त्याआधी सुट्टी आली की हप्ता पुढच्या दिवसावर जायचा, बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. म्हणून ५ चा हप्ता असेल तर ४ ला रात्री पैसे खात्यात पाहिजेत, ५ ला सकाळी टाकू हा विचार नको. एनईएफटी पण आता २४ तास चालतं त्यामुळे शनिवारी रात्री घरी बसून सीसीतनं पाठवता येतं. आणि भाऊ नाच बाऊन्सला नुसता चार्ज नाही हां, चेक बाऊन्ससारखी केस पण होऊ शकते, सलग होऊ देऊ नका.

आता स्वीप. एफडी कमीत कमी ७ दिवसांची असते, त्याआधी मोडली तर काहीच व्याज नाही. तुमचे पैसे सोमवारी आले, स्वीप झाले आणि शुक्रवारी डिस्ट्रिब्युटरला गेले तर हातात शून्य. बऱ्याच बँका शेवटची एफडी आधी मोडतात, म्हणजे तळाशी न हलणारे जे लाखभर आहेत तेवढ्यावरच काय ते मिळणार. सेव्हिंगमध्ये धंद्याचं कलेक्शन फिरवू नका, बँक हरकत घेते. स्वतःच्या खर्चाला काढलेले टाका, खुशाल.

स्पेअरपार्ट_मिरज:
ताई एक नंबर माहिती. पण सगळं सीसीत ओतलं तर करंटचा मिनिमम बॅलन्स? तिमाही सरासरी २५ हजार आहे, त्याचाही दंड बसेल की.

काउंटर_नंबर_तीन:
सरासरी आहे ना, मग रोज २५ हजार असायलाच पाहिजेत असं नाही. रोजच्या रात्रीच्या बाकीची बेरीज भागिले दिवस. ९२ दिवसांची तिमाही धरली तर बेरीज २३ लाख हवी. ४ लाख सलग ६ दिवस राहिले की २४ लाख झाले, तिमाहीचं काम तिथंच संपलं, नंतर खातं रिकामं असलं तरी चालतं. फक्त दिवसा आले आणि संध्याकाळी गेले ते धरत नाहीत. स्टेटमेंटवर रात्रीची बाकी बघून एक्सेलमध्ये मांडा. आणि हप्त्याचे पैसे त्यातच वेगळे धरा.

लातूरकर_बियाणे:
लिक्विड फंड (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायचा म्युच्युअल फंड) का नाही सांगत कोणी? आमचा सीझन संपला की चार महिने पैसा मोकळा असतो, मी तिथंच ठेवतो. सातव्या दिवसापासून एक्झिट लोड (पैसे काढायचा चार्ज) पण नाही.

जमाखर्च_इचल:
तुमच्यावर सीसी नसेल तर बरोबर आहे मालक. यांची ६ लाख उचल आहे, साडेदहा टक्के देणारा लिक्विड फंड दाखवा मी पण टाकतो 😄

@मिरज, अजून एक, सीसी काठोकाठ ठेवू नका. महिनाअखेरीला व्याज त्याच खात्यात नावे पडतं, ८ लाखाला टेकलेले असाल तर व्याजानंच लिमिटच्या वर जाल आणि मग वेगळा दंड. वीसपंचवीस हजाराची जागा सोडायची. स्टॉक स्टेटमेंट (दुकानातल्या मालाचा हिशोब) बँकेला वेळेवर द्या, उशीर झाला की ड्रॉइंग पॉवर (लिमिटमधनं प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) कमी करतात आणि पैसे असून उचलता येत नाहीत, हे तर जास्त लागतं.

स्पेअरपार्ट_मिरज:
समजलं. मंगळवारी सहकारी बँकेत जाऊन क्यूआरचं विचारतो, हप्ता पण सीसीतनं वळवता येतो का बघतो. डिस्ट्रिब्युटरला चेक देतो मी, तो लागायला दोन दिवस जातात तेवढ्यात कलेक्शन येतं, ते तसंच चालू ठेवू ना?

काउंटर_नंबर_तीन:
ते दोन दिवस विसरा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक टाकला त्याच दिवशी क्लिअरिंगला येतो, सकाळी त्यांनी भरला तर संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यातनं गेलेला असतो. चेक हातात देताना पैसे खात्यात असू द्या, नाहीतर चेक देऊच नका, ठरलेल्या दिवशी स्वतः आरटीजीएस करा.