मदत हवी आहे : मांसाच्या स्मोकिंगसाठी घरात बसून वाचता येईल असा थर्मामीटर

कोळसा_ऑस्टिन
तातडीने मदत हवी आहे. शनिवारी रात्री मांस स्मोक करायला, म्हणजे धुरावर सावकाश भाजायला लावायचं आहे, रविवारी दुपारी २५ माणसं जेवायला येणार. आत्ताचा ब्लूटूथ थर्मामीटर भरवशाचा नाही. कंपनीला लिहिलं तर 'फोन जवळ ठेवा' असं उत्तर आलं. जवळच बसायचं असतं तर घेतला कशाला असता? कोणता घेऊ, एवढंच सांगा. आज मागवला तरच वेळेत येईल. लिंका नकोत, नाव हवं.

शेगडीवाला
काय भाजताय? कशावर? बजेट किती? शेगडी आणि झोपायची खोली यांत अंतर किती?

पनीरप्रेमी
मी पनीर आणि ढोबळी मिरची दह्यात मुरवून ग्रिल करते, दहा मिनिटांत होतं, थर्मामीटर लागतच नाही. २५ माणसांत शाकाहारी असतीलच ना? त्यांचा विचार केलाय का?

कोळसा_ऑस्टिन
शाकाहारींचं बायको बघतेय. पोर्क शोल्डर आहे, हाडासकट, ८ पौंड. बजेट १०० डॉलर, थोडे वर चालतील.

न्यूजर्सीकर
पोर्क १४५ फॅरनहाइटला शिजतं, सरकारी नियमच आहे तो. रात्रभर कशाला जागायचं? सकाळी लावा.

शेगडीवाला
१४५ आणि वर तीन मिनिटं विश्रांती, हे खाण्यास सुरक्षित होण्याचं तापमान. लॉइनला, म्हणजे पाठीच्या मऊ मांसाला, ते पुरतं. शोल्डरमधला चिवट कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला १९५ ते २०५ पर्यंत जावं लागतं, तेही सावकाश. १४५ ला काढलेला शोल्डर चावून चावून जबडे दुखतील. दादा, शेगडी कोणती ते अजून सांगितलं नाहीत.

कोळसा_ऑस्टिन
साधी २२ इंची केटल, म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी. कडेने ब्रिकेट्सचा साप रचतो, एका टोकाला पेटवतो. मागच्या अंगणात असते. आम्ही वरच्या मजल्यावर झोपतो, भिंती विटांच्या.

मीटरभक्त
'मीटर प्लस' घ्या! वायर नाही, काही नाही. मांसात खुपसायचा आणि विसरायचं. मी तीन वर्षं वापरतोय.

शेगडीवाला
तोही ब्लूटूथच. लोखंडी झाकण, त्यावर विटांची भिंत, वर एक मजला. यांचं रडगाणं तेच आहे.

मीटरभक्त
चार्जरची डबी सिग्नल पुढे पाठवते, ती शेगडीजवळ ठेवायची. आणि मांसाबाहेरच्या, शेगडीतल्या हवेचं तापमानही तोच एक प्रोब (खुपसायची दांडी) दाखवतो. आधी वापरून बघा, मग बोला.

शेगडीवाला
वापरलाय, म्हणूनच बोलतोय. गार मांसात खुपसलेल्या प्रोबचं दुसरं टोक मांसाला अगदी लागून असतं, त्यामुळे हवेचं तापमान कमी दाखवतं. चिकनला फरक पडत नाही. सापाच्या कोळशावर रात्रभर विसंबायचं तर पडतो.

डेन्व्हरची_सून
नवा घ्याल तो आधी तपासा. उकळत्या पाण्यात धरून २१२ बघू नका. आमच्याकडे ५,२८० फुटांवर पाणी साधारण २०३ लाच उकळतं, आणि मी चांगला थर्मामीटर परत करून बसले होते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात ३२ दाखवायला हवा.

न्यूजर्सीकर
उंचीचा हिशेब केला की उकळतं पाणीही चालतं.

डेन्व्हरची_सून
बर्फाला हिशेबच लागत नाही.

रायगडकर
आमच्या अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मध्ये चिकन किंवा अंडी. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. झालं की नाही ते मडक्यावर पाण्याचा शिपका मारून कळतं. चर्रकन उडालं की उतरवायचं. तुमच्या शोल्डरचंही तसंच, हाड हातात धरून हलवा, सुटून आलं की झालं.

कोळसा_ऑस्टिन
रायगडकर, मान्य आहे, पण पहाटे तीनला हाड हलवायला कोण जाणार? मागच्या वेळी हेच झालं. रात्री १६० ला काटा अडकला तो चार तास तिथेच. थर्मामीटर बंद पडला समजून झोपलो. सकाळी सिग्नल नाही आणि कोळसा विझलेला. मांस फेकावं लागलं.

शेगडीवाला
अहो, हे आधी सांगायचं! १६० ला अडकणं म्हणजे स्टॉल. पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं, घाम येऊन अंग गार पडतं तसं, आणि आतलं तापमान तासन्‌तास हलत नाही. तुमचा थर्मामीटर तेव्हा खरंच बोलत होता. १६० ला फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलंत की काटा पुढे सरकतो. चुकलं ते कोळशाचं, आणि ते सांगणारा प्रोब तुमच्याकडे नव्हता.

तुम्हाला हवं ते असं : दोन प्रोब, एक मांसात, एक जाळीवर. फोनवर अवलंबून नसलेला, उशाशी ठेवता येणारा वेगळा रिसीव्हर. जाळीच्या प्रोबला वरचा आणि खालचा, दोन्ही अलार्म. 'थर्मोवर्क्स स्मोक' मध्ये हे सगळं आहे. खालचा अलार्म २०० ला लावा, कोळसा विझायला लागला की उठाल.

मीटरभक्त
दोनच प्रोब? चार मांसं लावली तर?

शेगडीवाला
एकच शोल्डर आहे हो त्यांचा.

कोळसा_ऑस्टिन
मागवला. शुक्रवारी येतोय. जाळीवरचा प्रोब नेमका कुठे लावू? आणि किती वाजता पेटवू?

शेगडीवाला
मांसापासून दोन इंच लांब, जाळीच्याच उंचीवर. झाकणावरच्या काट्याकडे बघू नका, तो वरची हवा मोजतो. जाळीवरचं तापमान २२५ ते २५० धरा, पौंडाला दीड ते दोन तास, म्हणजे संध्याकाळी सातला पेटवा. सकाळी लवकर झालं तर फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळून कूलरमध्ये (सहलीच्या बर्फाच्या पेटीत, बर्फाशिवाय) ठेवा, तीन-चार तास गरम राहतं. मांसातला प्रोब काढू नका, १४० च्या खाली जाऊ देऊ नका.

डेन्व्हरची_सून
शुक्रवारी आल्या आल्या बर्फात बुडवा. दोन्ही प्रोब. फक्त दांडी, वायरच्या जोडात पाणी जाऊ देऊ नका.

रायगडकर
टेक्सासात भांबुर्डा मिळतो का कुठे?