मदत हवी आहे : ख्रिस्ती नसलेल्या पण आयुष्यभर चांगलं वागलेल्या माणसाचं तारण होतं का? मुलीला काय उत्तर देऊ?

नमस्कार,

मी चर्चमध्ये संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. आमचं चर्च प्रॉटेस्टंट आहे. वर्गातल्या एका मुलीची आजी, म्हणजे आईची आई, नुकतीच गेली. त्या ख्रिस्ती नव्हत्या, बाप्तिस्मा नव्हता, पण अडल्यानडल्याला धावून जाणाऱ्या, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या. मुलीने मला सरळ विचारलं की आजी येशूला मानत नव्हती म्हणून ती नरकात गेली का? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, जे लोक दर रविवारी चर्चला येतात पण बाहेर लोकांना फसवतात ते मात्र ख्रिस्ती आहेत म्हणून स्वर्गात जाणार का? मी तिला जवळ घेतलं आणि नीट विचार करून सांगते म्हटलं. आता विचार करतेय तर स्वतःच अडकलेय, म्हणून इथे लिहितेय.

मला गुळगुळीत उत्तर नकोय. "देव चांगला आहे, सगळं ठीक होईल" हे तिला पुरणार नाही, ती हुशार आहे, पुढचा प्रश्न विचारेल. आणि आजी नरकात गेली असं एका लेकराच्या तोंडावर सांगणं मला जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर तसं सांगायचा अधिकार मला आहे असं मला वाटतही नाही.

मी काय काय वाचलं ते सांगते म्हणजे तेच तेच लिहायला नको. एकीकडे योहान १४:६, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. प्रेषितांची कृत्ये ४:१२, दुसऱ्या कोणाकडून तारण नाही. इफिसकरांस २:८-९, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. आमच्याकडे हीच वचनं मुलांकडून पाठ करून घेतो, मीच घेते.

दुसरीकडे मत्तय २५. तिथे शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा कुणालाच विचारत नाही की तुझा बाप्तिस्मा झाला होता का, तू कुठल्या मंडळीतला. तो म्हणतो मी भुकेला होतो, तहानेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो, तुम्ही माझ्यासाठी केलंत की नाही केलंत. आणि ज्यांनी केलं त्यांना पत्ताच नाही की आपण हे प्रभूसाठी करत होतो, ते उलट विचारतात की आम्ही तुला कधी पाहिलं? हे वाचताना मला त्या आजीच दिसतात. मग मत्तय ७:२१, मला "प्रभू, प्रभू" म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही. म्हणजे मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर येशूनेच देऊन ठेवलंय आणि ते स्पष्ट "नाही" आहे.

पण सगळ्यात जास्त मी अडकलेय ती कर्नेल्याच्या गोष्टीत (प्रेषितांची कृत्ये १०). हा रोमन शताधिपती, यहुदी नाही, ख्रिस्ती नाही, पण देवाला भिऊन वागणारा, गरिबांना दानधर्म करणारा. देवदूत त्याला सांगतो की तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म देवापर्यंत पोचले आहेत. मग येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी येतो आणि म्हणतो की देव पक्षपाती नाही, प्रत्येक राष्ट्रात जो त्याची भीती बाळगतो आणि नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे. मी म्हटलं, झालं, उत्तर मिळालं. मग ११:१४ वाचलं तर तिथे असं की पेत्र तुला अशा गोष्टी सांगेल ज्यांनी तुझं आणि तुझ्या घराचं तारण होईल. मग पेत्र यायच्या आधी त्याचं काय होतं? समजा पेत्र पोचायच्या आदल्या रात्रीच कर्नेल्य गेला असता तर?

माझा प्रश्न हाच आहे. ख्रिस्ती शिकवणीत माणूस वाचतो तो ख्रिस्ती म्हणवून घेतल्याने की चांगलं वागल्याने? आणि ज्यांना येशूची ओळख नीट कधी झालीच नाही त्यांच्याबद्दल मंडळी काय शिकवते? वेगवेगळ्या पंथांचे लोक असतील तर आपापल्याकडचं सांगा प्लीज. भांडण नको.

प्रतिसाद १

ताई, मीही प्रॉटेस्टंट घरातलाच. माझ्या मते या प्रश्नातल्या दोन्ही बाजू पौलाला, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषिताला, मान्य झाल्या नसत्या. रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा, तिथे तो नियमशास्त्र (मोशेने दिलेला यहुदी धर्मनियम) आपल्याकडे आहे, सुंता झालीय म्हणून निर्धास्त असलेल्यांची चांगलीच खरडपट्टी काढतो. म्हणजे धर्माचं लेबल बाद. आणि तिसऱ्या अध्यायात म्हणतो की सगळ्यांनीच पाप केलंय, नीतिमान कोणी नाही, एकही नाही. म्हणजे चांगुलपणाची कमाईही बाद. उरते ती कृपा, म्हणजे न कमावता देवाकडून मिळालेली दया. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराकडे बघा ना, ना बाप्तिस्मा, ना मंडळी, ना एकही सत्कृत्य करायला वेळ, फक्त "माझी आठवण कर" एवढंच, आणि येशू म्हणतो आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

लोक याकोबाच्या पत्रातलं २:२४ काढतात की माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, नुसत्या विश्वासाने नाही. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरलाही ते पत्र जड गेलं, १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, फक्त वेगवेगळ्या वेळचं. पौल उत्पत्ति १५ मधला अब्राहाम घेतो, ज्याने नुसतं वचन ऐकून देवावर भरवसा ठेवला. याकोब उत्पत्ति २२ मधला घेतो, आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवणारा, म्हणजे बऱ्याच वर्षांनंतरचा. आधी विश्वास, मग त्याला आलेलं फळ. आणि इफिसकरांस २:८-९ पाठ करून घेताना दहावं वचन सोडू नका, तिथेच लिहिलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालोय.

आता कडू भाग. आमच्या परंपरेत कडक मतं आहेत आणि ती लपवू नयेत असं मला वाटतं. सतराव्या शतकातलं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र सरळ म्हणतं की जे ख्रिस्ती धर्म मानत नाहीत त्यांनी निसर्गाने दिलेल्या प्रकाशात कितीही झटून आयुष्य घडवलं तरी त्यांचं तारण होऊ शकत नाही. पण त्याच प्रकरणात हेही आहे की बालपणीच मेलेली, देवाने तारणासाठी निवडलेली मुलं आणि ज्यांना वचनाची हाक बाहेरून ऐकूच येऊ शकत नाही असे निवडलेले लोक, यांना ख्रिस्त आत्म्याच्या द्वारे वाचवतो, तो आत्मा कधी, कुठे, कसा काम करेल ते त्याच्या मर्जीवर. म्हणजे इतक्या कडक लोकांनीही एक खिडकी उघडी ठेवलीय. मी स्वतः त्या खिडकीपाशी उभा आहे.

प्रतिसाद २

मी कॅथलिक. आमच्याकडे हा वाद फार जुना आहे आणि त्यात मत बरंच पुढे सरकलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"चर्चबाहेर तारण नाही" हे वाक्य तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियानपर्यंत जातं. पण त्याच्यासमोरचा वाद मंडळी सोडून वेगळे झालेल्या गटांचा होता, ज्यांनी येशूचं नावही ऐकलं नाही त्यांचा नाही. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, हुतात्मा जस्टिनने लिहून ठेवलंय की जे विवेकाने, म्हणजे देवाच्या शब्दाला धरून जगले ते ख्रिस्तीच, मग लोक त्यांना नास्तिक का म्हणेनात, आणि उदाहरण दिलंय सॉक्रेटिसचं. पुढे मात्र वाक्य कडक होत गेलं. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत म्हटलं गेलं की चर्चच्या ऐक्यात नसलेला माणूस कितीही दानधर्म करो, ख्रिस्तासाठी रक्त सांडो, वाचणार नाही. हे वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो.

विसाव्या शतकात बॉस्टनमधले फादर लिओनार्ड फीनी अगदी हेच अक्षरशः शिकवत होते तेव्हा १९४९ मध्ये रोमहूनच पत्र आलं की असा अर्थ लावू नका, जो अजाणतेपणी बाहेर आहे पण मनापासून देवाच्या इच्छेप्रमाणे वागू पाहतो त्याची ती इच्छाही देव धरतो. फीनींनी ऐकलं नाही, बोलावूनही रोमला गेले नाहीत, १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं (१९७२ मध्ये परत घेतलं). मग दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा), तिचा १९६४ चा चर्चविषयीचा दस्तऐवज. परिच्छेद १६ सांगतो की स्वतःच्या चुकीशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि कृपेच्या बळावर विवेकाला पटेल तसं वागतात त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. तुमच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नासाठी परिच्छेद १४ बघा, जो चर्चमध्ये आहे पण प्रीतीत टिकून राहत नाही त्याचं तारण होत नाही, तो फक्त शरीराने चर्चमध्ये आहे, मनाने नाही. याहून स्पष्ट काय हवं?

अजून एक. २०१८ मध्ये रोमच्या एका वस्तीत पोप फ्रान्सिसना एका लहान मुलाने रडत रडत हेच विचारलं होतं, वडील नास्तिक होते, आता नाहीत, पण चारही मुलांचा बाप्तिस्मा त्यांनी करवून घेतला, ते स्वर्गात आहेत का. पोपनी आधी सांगितलं की कोण स्वर्गात जातं ते देव ठरवतो. मग जमलेल्या मुलांनाच विचारलं की देव आपल्या लेकरांना टाकून देईल का? आणि त्या मुलाला म्हणाले, वडिलांशी बोल, प्रार्थना कर.

प्रतिसाद ३

मी ख्रिस्ती नाही, उत्सुकतेने वाचतोय. चांगलं वागणं पुरेसं का नाही हे मला अजून कळलं नाही. माणूस चांगला वागला, विषय संपला. त्यात अडचण काय?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रतिसाद ३ ला आधी. अडचण अशी की "पुरेसं चांगलं" कुठे सुरू होतं ते कोण सांगणार? लूक १८ मध्ये येशू एक दाखला देतो, मंदिरात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, उभा राहून देवाला हिशोब देतो की आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्याचा दशांश देतो, आणि मागे एक जकातदार, म्हणजे लोक पापी समजत असा कर गोळा करणारा, छाती बडवत म्हणतो मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. परूशी खोटं बोलत नव्हता हो, तो खरंच चांगला वागत होता! पण त्या चांगुलपणाच्या जोरावर तो शेजाऱ्याला कमी लेखत होता. पाचव्या शतकात पेलागियसच्या नावावरचं मत, म्हणजे माणूस स्वतःच्या प्रयत्नाने नीतिमान राहू शकतो, मंडळीने ४१८ मध्ये कार्थेजला नाकारलं ते मला याच कारणाने पटतं. कारण मग जो दुबळा आहे, ज्याला चांगलं वागायला बळच उरलं नाही, त्याच्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

आणि यात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक मला वाटलं होतं तितके लांब नाहीत. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये ल्यूथरन आणि कॅथलिक चर्चने मिळून एक जाहीरनामा केला, त्यात म्हटलंय की देव आपल्याला स्वीकारतो ते आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, फक्त कृपेने, आणि तोच आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी तयार करतो. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले.

पण प्रतिसाद १, तुमच्याशी थोडी असहमत. तुमची खिडकी मला अरुंद वाटते. अब्राहामाने येशूचं नाव ऐकलं नव्हतं, राहाब तर वेश्या होती, परक्या लोकांतली, आणि इब्री ११ मध्ये दोघंही विश्वासाची माणसं म्हणून आहेत. तारण ख्रिस्ताद्वारेच होतं हे मी मानते, मनापासून मानते. पण ख्रिस्त ज्याला वाचवतो त्याला ते जिवंतपणी माहीत असायलाच हवं असं योहान १४:६ म्हणत नाही. मत्तय २५ मधल्या उजवीकडच्यांना तर माहीतच नव्हतं.

प्रतिसाद १

मत्तय २५ वर एवढा भार टाकताना जपून, ताई. "माझ्या ह्या अगदी लहान बंधूंपैकी एकाला" म्हणजे सगळे गरीब की येशूचे शिष्य यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, मत्तय १०:४२ मध्ये पाण्याचा प्याला शिष्यालाच दिलेला आहे. राहाबेने इस्राएलाच्या देवाबद्दल ऐकलं होतं आणि बाजू घेतली होती. पण तुमचा मुद्दा लक्षात घेतो, अब्राहामावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही.

प्रतिसाद ४

वाद चालू द्या, मी फक्त मुलीबद्दल बोलते, माझीही बरीच वर्षं मुलांना शिकवण्यात गेली. तिला तीन गोष्टी सांगा. एक, आजीचा न्याय करायला आपल्यातलं कुणीच नेमलेलं नाही, ना तू, ना मी, ना पास्टर. दोन, न्याय करणारा तोच आहे ज्याने वधस्तंभावर मारणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली. तीन, चर्चमध्ये बसून फसवणाऱ्याला येशू स्वतः म्हणाला की मला तुमची कधीच ओळख नव्हती. आणि आजीबद्दल तिला बोलू द्या, भरपूर बोलू द्या. तिची आई पण दुःखात असेल, तिच्याशीही आधी बोला, नाहीतर चर्चमध्ये आपल्या आईबद्दल काय शिकवलं याचा तिला भलताच ताप होईल.

धागाकर्ती

आईशी आधी बोलायचं हे सुचलंच नव्हतं, आजच फोन करते. मुलीला तुमच्या तिन्ही गोष्टी सांगेन, आणि कर्नेल्याची गोष्ट तिच्याबरोबर बसून वाचेन. पेत्राच्या आदल्या रात्रीचा तो प्रश्न तिने विचारलाच तर म्हणेन की देवदूत आला तेव्हा त्याची प्रार्थना देवाने आधीच ऐकलेली होती, एवढं नक्की लिहिलंय.

पाठांतराच्या यादीत इफिसकरांस २:१० आणि मत्तय ७:२१ दोन्ही घालतेय. एकच राहिलं, रोमकरांस २:१४-१५, नियमशास्त्र नसलेल्या परराष्ट्रीयांच्या हृदयावर लिहिलेला नियम, यावर मराठीत साध्या भाषेतलं भाष्य कुणाला माहीत असेल तर इथे लिहा. पौल तिथे खरोखरच्या माणसांबद्दल बोलतोय की फक्त युक्तिवाद करतोय हे मला नीट समजून घ्यायचंय.