चर्चा: जुन्या मास्टर्सची नक्कल केल्याने हात तयार होतो की बांधला जातो?

जवसतेल
तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं असेल तर जुन्या चित्रकारांच्या नकला कराव्याच लागतात, असं माझं ठाम मत. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याचं मोत्याचं डूल घातलेल्या मुलीचं चित्र घ्या. साधारण 1665 सालचं, जेमतेम 44.5 × 39 सेंमी. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्हींवर सारखा उजेड, म्हणून टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, तोही सारखा, तरी नाक दिसतं. डूल तर दोन फटकाऱ्यांचं: वर डावीकडे पांढऱ्याचा ठळक ठिपका, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब. गोलाला बाह्यरेषा नाही, कानात अडकवायची कडीसुद्धा नाही! नुसतं बघून हे ध्यानात येत नाही. नक्कल करताना हात सवयीने रेघ मारायला जातो आणि मुळात ती सापडत नाही, तेव्हा येतं.

कोरा_कॅनव्हास
उदाहरण तुमचंच घेतो. मागची काळी पार्श्वभूमी तशीच रंगवायला सांगाल ना? हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयाने 2018 मध्ये याच चित्राची तपासणी केली. मागे हिरवा पडदा होता. नीळ आणि एक पिवळा वनस्पतिजन्य रंग यांचा पातळ हात होता, तो काळाच्या ओघात बिघडला. म्हणजे विद्यार्थी व्हर्मीरची नव्हे, झीज झालेल्या रंगाची नक्कल करतोय. रेम्ब्रांटच्या 1642 च्या ‘नाइट वॉच’चंही तेच. दिवसाचं दृश्य, पण व्हार्निश काळवंडलं आणि लोकांनी त्याची रात्र करून टाकली. त्यात तुम्ही बघणार मोबाइलवर, म्हणजे रंगाचा भरवसा आणखी कमी.

आणि खरी हरकत वेगळीच. कुठली कडा विरघळवायची हे व्हर्मीरने ठरवलं. नक्कल करणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं, गणित सोडवायची सवय लागत नाही.

जवसतेल
रंगाबद्दल मान्य. म्हणूनच पहिल्या नकलेत रंग नकोच. साधारण 20 × 25 सेंमीचा बोर्ड, जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, वर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर हा एकच तपकिरी रंग सगळीकडे. ओला असतानाच उजेडाच्या जागा चिंधीने पुसून मोकळ्या करायच्या आणि गडद भाग त्याच रंगाने भरायचा. डोळे किलकिले करून फक्त तीन टोन. पाऊण तासात थांबायचं. पापण्या, ओठांची चकाकी यांना हात लावायचा नाही. बहुतेकांच्या नकला मेलेल्या दिसतात त्या डोळ्यापासून सुरुवात केल्यामुळे. दुसरं कारण मापासाठी चौकटी पाडणं: प्रत्येक चौकट सुटी रंगवली जाते आणि शेजारच्या दोन चौकटींचे टोन जुळत नाहीत.

पुढे रंग चढवायचा तर खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्यात तेल जास्त. उलटं झालं की वरचा थर आधी आवळतो आणि तडे जातात. खाली आयव्हरी ब्लॅकही नको, फार सावकाश वाळतो.

गेरू
मध्येच तोंड घालतो. आपल्याकडचा सगळ्यात मोठा नकलांचा उद्योग अजिंठ्याचा. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतले ब्रिटिश शिक्षक ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत शाळेची मुलं घेऊन तिथे प्रतिकृती करत होते. त्यातल्या कितीतरी 1885 च्या लंडनच्या आगीत गेल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या प्रतिकृती तर 1866 लाच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. पण त्याच मुलांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे त्यांनी पारशी घरातली माणसं रंगवली, ती पूर्ण पाश्चात्त्य धाटणीच्या तैलरंगात. एवढी नक्कल करूनही हात बांधला गेला नाही.

कोरा_कॅनव्हास
गेरूभाऊ, हा दाखला माझ्या बाजूचा की तुमच्या? अजिंठ्याची ती लवचीक, वळणदार रेघ त्यांच्या तैलचित्रांत कुठे दिसते ते दाखवा. नाही दिसली, तर एवढ्या मेहनतीचा उपयोग काय? शिवाय चित्र नीट दिसावं म्हणून भिंतीवर व्हार्निश मारलं गेलं, ते नंतर पिवळं पडलं. भोगलं मूळ चित्रांनी.

गेरू
व्हार्निशचं पाप कबूल. पण उपयोग रेघेतच दिसायला हवा असं कुणी सांगितलं? भिंतीवरची मोठी आकृती मापात आणणं, दहा माणसांची गर्दी एका रचनेत बसवणं, ही कमाई चित्रात ‘अजिंठा’ म्हणून वेगळी दिसणार नाही.

जवसतेल
आयत्या उत्तराबद्दल. व्हॅन गॉगने 1889-90 मध्ये फ्रान्समधल्या सें-रेमीच्या रुग्णालयात मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून कामं केली, ती कृष्णधवल छापांवरून. रचना मिलेची, रंगाचा प्रत्येक निर्णय स्वतःचा. तसंच करा. छायाचित्र कृष्णधवल करा, टोन जसेच्या तसे ठेवा आणि रंग चारच घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा, पांढरा. निळा नसल्यामुळे काळ्या-पांढऱ्याचा करडाच निळसर भासवावा लागतो. इथे उत्तर आयतं मिळत नाही.

कोरा_कॅनव्हास
हे पटलं, पण अर्धंच. टोन अजूनही उसनेच आहेत. माझी अट एवढीच: नक्कल झाली की त्याच आठवड्यात जिवंत माणूस समोर बसवायचा, डावीकडून एकच खिडकी उघडी, तसाच बोर्ड, तोच पाऊण तास. त्याच्या नाकाची कडा कुठे हरवते ते स्वतः शोधायचं. ती व्हर्मीरच्या जागी हरवेलच असं नाही, चेहरा जरा समोर वळला की रेघ परत येते. नकलेवरून पाठ झालेली जागा तिथे रंगवली, तर नाक गालात बुडतं.

जवसतेल
अट मान्य. फक्त नक्कल आधी.