मदत हवी आहे: पाटीवर १०० लिटर, टाकीत मिनिटाला २८च. मोठा पंप घ्यावा का?

१ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र). पाटीवर ‘कमाल हेड (पाणी चढवायची उंची) ३० मी., कमाल डिस्चार्ज (मिनिटाला येणारं पाणी) १०० लि./मिनिट’. पाणी पंपाच्या ४ मीटर खाली, टाकीचं तोंड १४ मीटर वर. पाइप ४० मीटर, आतला व्यास २५ मिमी, एल्बो (वळणाचे जोड) ६. हजार लिटरला ३५ मिनिटं लागतात. १० मिनिटांत भरायला नको का? दीड एचपी बसवू?

प्रतिसाद १
घाई नको. ते दोन कमाल आकडे एकत्र कधीच मिळत नाहीत. ३० मीटरला पाणी शून्य, आणि १०० लिटर जवळपास हेड नसताना. कंपनीच्या तक्त्यात २० आणि २५ मीटरसमोर काय आहे?

धागाकर्ता
२० मीटरला मिनिटाला ५० लिटर, २५ ला २८.

प्रतिसाद २
मग पाइपच बारीक पडतोय. सव्वा इंची टाका.

प्रतिसाद ३
पाइपवर आळ घेण्याआधी घर्षण मोजा. २८ लिटरला या पाइपात एल्बो धरून जेमतेम २ मीटर हेड जातं. ४ + १४ + २ = २०. तक्ता तिथे ५० म्हणतो. अर्थात प्रवाह वाढला की घर्षणही झपाट्याने वाढतं, म्हणून मेळ बसतो साधारण ४० लिटरला, म्हणजे २५ मिनिटांना. ३२ मिमी पाइप घातलात तर ५०च्या आसपास जाल. पण आत्ता हरवलेले १२ लिटर पाइपाने खाल्लेले नाहीत.

पंपाच्या तोंडाशी प्रेशर गेज लावा आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह १५-२० सेकंदच बंद करा (जास्त ठेवलात तर आतलं पाणी तापून सील जातं). १ किलो म्हणजे १० मीटर. कमाल ३० मीटरमधून सक्शनचे (खालून पाणी ओढायचे) ४ वजा जाता २.६ किलोच्या आसपास दिसायला हवं. बरंच कमी आलं तर इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) झिजलाय किंवा व्होल्टेज पडतंय. काटा थरथरला, पाणी दुधाळ आलं, तर सक्शनच्या जोडातून हवा. काटा बरोबर पण पाणी कमी, शिवाय पंपात खडे घोळल्यासारखा आवाज, तर फूटव्हॉल्व्हची (सक्शन पाइपच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेची) जाळी बघा. सक्शन तुंबलं की एचपी वाढवून काही होत नाही, उलट आवाजच वाढतो.

धागाकर्ता
काटा २.५ वर स्थिर. आवाज तसाच येत होता. जाळीत शेवाळ आणि पिशवीचा तुकडा निघाला. आता २६ मिनिटं.