जाड पोलादाने प्रश्न मिटत नाही

'गस्तीच्या चिलखती वाहनाला जाड पोलाद लावले की पुरे' हे मत मला पटत नाही. 10 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 78 किलो भरतो. तो चहूबाजूंनी चढवला की इंजिन, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्यावरचा भार इतका वाढतो, की आमच्या खानदेशात, तापीकाठच्या ज्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टरही रुततो, तेथे असे वाहन जागचे हलणार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर या सुरुंगरोधक चिलखती वाहनाचा व्ही आकाराचा तळ सुरुंगाच्या स्फोटाचा झोत बाजूला वळवतो, हे मोठेच काम आहे. परंतु त्या उंच तळामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. अशा गस्ती वाहनाच्या प्रायोगिक नमुन्यात म्हणूनच आधी जवानांचा कक्ष जपावा, चाके तुटली तरी चालतील, आणि तळाला बसलेला स्फोटाचा धक्का थेट जवानांपर्यंत पोहोचू नये म्हणून आसने तळाला न ठोकता भिंतीला किंवा छताला टांगावीत.