कर्द्याच्या बीचवरून सहा कयाक लाटांतून बाहेर काढायच्यात, फिशिंगसाठी. कसं करायचं?

पानशेतचा_पॅडलर:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याचे सहा जण, सगळ्यांच्या सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायच्या) फिशिंग कयाक, दोघांच्या पेडलवाल्या बाकी साध्या वल्ह्याच्या. आत्तापर्यंत सगळं पानशेत, मुळशी, पवना असं धरणांवरच केलंय, समुद्र पहिल्यांदाच. डिसेंबरमध्ये दापोलीकडे दोन रात्री राहायचं ठरतंय, कर्द्याला बीचला लागूनच रूम आहे त्यामुळे तिथूनच कयाक पाण्यात घालायच्या, मुरूडवरून पुढे सुवर्णदुर्गाच्या खडकांकडे जायचं, जिग (शिशाचा जड खोटा मासा) टाकून हेकरू, तांबोशी असले खडकातले मासे काही मिळतायत का बघायचं आणि दुपारी जेवायला परत. आता अडलंय ते लाटांवर. सगळ्यांनी एकदमच घुसायचं की एकेक? रॉड कुठे ठेवायचे? फिश फाइंडरचं, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचं काय? ग्रुपमधल्या दोघांचा समुद्राचा अंदाज अगदीच कच्चा आहे, पोहता येतं पण लाटेत कधी उतरलेले नाहीत, त्यांची काळजी जास्त वाटतेय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज डिटेलमध्ये सांगा.

खारे_मतलई:
दादा, आधी विचारलंत ते फार बरं केलंत. तुमचे सगळे प्रश्न बाहेर कसं पडायचं याचे आहेत, पण प्लॅन उलटीकडून करा, म्हणजे किनाऱ्याला परत कधी आणि कुठल्या पाण्यात लागायचं ते पहिलं ठरवा आणि मग त्यावरून निघायची वेळ काढा. कारण सकाळी मतलई वारं असतं, जमिनीकडून समुद्राकडे, त्याने पाणी चापून बसतं आणि वल्हं न मारता पण तुम्ही बाहेर सरकत असता, सगळ्यांना वाटतं काय सोपंय. अकरा-साडेअकरानंतर वारं फिरतं, खारं वारं वायव्येकडून चालू होतं आणि दुपारी दोनला तोच बीच वेगळाच दिसतो. त्यात हात दमलेले, ऊन लागलेलं आणि त्या दोघा कच्च्या लोकांची लाटेशी खरी गाठ तेव्हा पडणार. त्यामुळे जेवायला परत वगैरे नको, साडेदहाला सगळे वाळूवर पाहिजेत. सुवर्णदुर्ग पण पहिल्या वेळी सोडा, मुरूडच्या समोरच फिरा, किनाऱ्यावरची माणसं ओळखू येतील इतक्या अंतरात.

आता बाहेर पडायचं. बीचवर गेल्या गेल्या कयाक उतरवायची घाई करू नका, वीस मिनिटं नुसतं बसून समुद्र बघा. लाटा सेटमध्ये येतात, तीन-चार-पाच मोठ्या आणि मग मध्ये शांत वेळ, तो किती वेळ टिकतो ते डोळ्यात बसू दे. एकेकानेच जायचं, दुसरा पहिला पूर्ण बाहेर गेल्याशिवाय पाण्यात पाय घालणार नाही, नाहीतर एकाची उलटलेली कयाक मागच्याच्या छातीवर येते. सगळ्यात पक्का माणूस पहिला आणि दुसरा पक्का सगळ्यात शेवटी, कच्चे दोघं मध्ये. शेवटचा जो आहे तो प्रत्येकाची कयाक धरून नाक सरळ ठेवेल आणि शांत वेळ आली की ढकलेल. लाट समोर आली की थांबायचं नाही, पुढे वाकायचं आणि पातं लाटेच्या पलीकडे रोवून ओढायचं. घाबरून वल्हं तोंडासमोर आडवं धरलंत तर ते दातांवर बसतं.

पेडलवाल्यांनी सुद्धा वल्ह्यानेच बाहेर जायचं, फिन म्हणजे पेडलने हलणारे खालचे पंख वर घेऊन, नाहीतर वाळूला लागून पेडलची यंत्रणाच जाते. रडर म्हणजे मागचं सुकाणू पण वर. फिश फाइंडरचा स्क्रीन काढून हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या कप्प्यात, आणि त्याचा पाण्यातला सेन्सर (ट्रान्सड्यूसर) वर उचललेला. रॉड उभे होल्डरमध्ये अजिबात नकोत, आडवे पट्ट्याने आवळून किंवा कयाकच्या पोकळ पोटात. लुअरचे (खोट्या आमिषाचे) तीन टोकांचे गळ काढून डब्यात. डेकवर मोकळी दोरी लोंबत असेल तर ती आधी कापा, उलटल्यावर पायात अडकते. आणि हॅचचं झाकण प्रत्येकाने दुसऱ्याचं तपासायचं, आत थोडं जरी पाणी शिरलं तरी ते इकडून तिकडे धावतं आणि कयाक उलटवतं. लाइफ जॅकेट बकल लावलेलं, सीटवर ठेवलेलं नाही.

मावळा_अँगलर:
एवढं सगळं कशाला, आंजर्ल्याच्या खाडीतून काढा की कयाक, खाडीत लाटाच नसतात, आरामात बाहेर. नवीन लोकांना तेच बरं.

हर्णैची_पोर:
भाऊ, राग मानू नका पण हे अजिबात करू नका. आमच्या घरच्या होड्या आहेत म्हणून सांगते. खाडीच्या आत पाणी शांत असतं पण मुखाशी गाळ-वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं, आणि ओहोटीला जोग नदीचं पाणी जोरात बाहेर येतं ते समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं, मग तिथे लाट जागच्या जागी उभी राहते. आमचे तांडेल (बोटीचे प्रमुख) पण तिथे भरती बघूनच बोट घालतात. भरतीला बाहेर जाल आरामात, पण परत येताना ओहोटी लागलेली असली तर वल्ह्याने तो ओढा कापत आत येणं नवीन माणसाचं काम नाही. कर्दे सपाट आहे, लाट लांबून फुटत फुटत मऊ होऊन येते. नवख्यांसाठी तेच चांगलं.

पॅडलर दादा, तारीख ठरवताना कॅलेंडरमधली तिथी बघा. आमच्याकडे साधा हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. मिनिटं मागेपुढे होतात म्हणून टाइड टेबल पण बघाच, पण आपली तारीख बसते का नाही ते यावरून लगेच कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला येऊ नका, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, ओढ कमी, तेव्हा या.

अजून दोन गोष्टी. पाण्यावर थर्माकोल, कॅन असं काही तरंगताना दिसलं की खाली जाळं आहे समजा, त्याच्यावरून ट्रोलिंग करत, म्हणजे गळ मागे ओढत जाऊ नका, तुमचा गळ अडकतो आणि आमचं जाळं फाटतं. आणि शिंगाळा (मिशावाला कॅटफिश) गळाला लागला तर हाताने धरू नका, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, पक्कड वापरा. उथळ पाण्यात कयाक ओढताना पाय घासत चाला, वाळूत पाकट बसलेली असते, घासत गेलं की ती स्वतःच उठून जाते.

पानशेतचा_पॅडलर:
ताई, खारे_मतलई दादा, दोघांचेही मनापासून आभार, ग्रुपवर तुमचे मेसेज जसेच्या तसे टाकले. प्लॅन बदललाय. अष्टमी धरून येतोय, म्हणजे सहाला भरती, उजाडलं की सातला निघायचं, साडेदहाला परत, तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असेल. सुवर्णदुर्ग कॅन्सल. आता परत येताना नक्की काय करायचं ते सांगा ना, सगळ्यांची भीती तिथेच आहे.

खारे_मतलई:
वेळ बरोबर बसतेय. पाणी उतरलेलं असेल म्हणजे लाट किनाऱ्यापासून लांब फुटेल, पट्टा रुंद असेल पण जोर कमी, फक्त कयाक वाळूवरून बरीच ओढावी लागेल, चाकं आणा.

परतताना सगळ्यांनी लाटा फुटतात त्याच्या बाहेरच थांबायचं आणि रॉड, फिन, रडर, हॅच सगळं परत निघतानासारखं करायचं. पक्का माणूस पहिला आत जातो, कयाक वर ओढून किनाऱ्यावर उभा राहतो आणि हाताने इशारे देतो, दोन्ही हात वर म्हणजे ये, आडवे म्हणजे थांब. लाटेच्या पुढे पळायचं नाही, लाट खालून जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवर राहून यायचं. मागची लाट गाठायला लागली तर उलटं वल्हं मारून तिला पुढे सोडा. कयाक आडवी झालीच तर अंग लाटेकडे झुकवायचं, किनाऱ्याकडे झुकलात की गेलात. आणि पडलात तर समुद्राच्या बाजूला राहा, पाण्याने भरलेली कयाक लाटेने ढकलली की गुडघा मोडू शकतो. कयाक सोडून द्या, ती आपोआप वाळूला लागते.

पहिल्या दिवशी मासेमारी ठेवूच नका. संध्याकाळी वारं पडलं की रिकाम्या कयाक घेऊन त्या दोघांना फक्त आत-बाहेर करायला लावा, कंबरभर पाण्यात मुद्दाम उलटवून परत चढायला लावा. ते जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्यांना किनाऱ्यावरून गरवायला बसवा, वाईट वाटलं तरी चालेल.

इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) साइटवर लाटेची उंची बघाल तेव्हा पीरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंद पण बघा. उंची अर्धा मीटर पण पीरियड पंधरा सेकंद असेल तर ती लांबून आलेली लाट आहे, किनाऱ्याजवळ एकदम उठते, त्या दिवशी नको. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला बांधलेली, मोबाईल वॉटरप्रूफ पाउचमध्ये अंगावर, त्यात तटरक्षक दलाचा 1554 सेव्ह. रूमवाल्यांना सांगून जा किती जण, कुठल्या रंगाच्या कयाक आणि साडेदहाला परत येतोय म्हणून.

हर्णैची_पोर:
आणि आदल्या संध्याकाळी बंदरावर लिलावाला या, तिथे कोणालाही विचारा उद्या पाणी कसं आहे, खरं सांगतील. नको म्हणाले तर खरंच जाऊ नका.