गेमिंग लॅपटॉप तापतोय : थर्मल पेस्ट घरीच बदलावी का?

वऱ्हाडी_गेमर
माझा गेमिंग लॅपटॉप साडेतीन वर्षांचा. राहतो नागपुरात, मे महिन्यात कूलर लावूनही खोली ३५ अंशांखाली येत नाही. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की सीपीयू ९८ अंशांवर चिकटायचा, वेग पडायचा, चित्र अडखळायचं. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "गेमिंगचा आहे, तापणारच." एका दुकानात तर न उघडताच मदरबोर्ड बदलायला सांगितला.

शेवटी रविवारी स्वतःच उघडला. पंखा जिथून हवा फेकतो तिथे तांब्याच्या पात्यांवर धुळीची अक्षरशः गादी बसली होती. ती काढली. चिपची उष्णता तिच्यावर बसवलेल्या धातूच्या भागाकडे (हीटसिंक) नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. आता तोच गेम, तीच खोली आणि ८४ अंश. माझं मत पक्कं आहे : वॉरंटी संपली की दर दोन वर्षांनी पेस्ट बदला, आणि स्वतः बदला.

पुणेरी_पीसी
साफ असहमत. तुम्ही दोन कामं एकदम केलीत. १४ अंशांपैकी धुळीचे किती आणि पेस्टचे किती, हे तुम्हाला तरी कसं कळणार? मी फक्त पंखे साफ केले आणि ९६ वरून ८७ वर आलो. हीटसिंकला हातही लावला नाही.

पंखे साफ करणं आणि हीटसिंक उचलणं यांत फार फरक आहे. हीटसिंक एकदा उचलली की पेस्ट नवी लावावीच लागते, आणि ग्राफिक्स मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटू शकतात. त्या जागी १ मिमीऐवजी दीड मिमीचा पॅड बसवलात, तर हीटसिंक चिपवर नीट टेकणारच नाही. तापमान आधीपेक्षा वाढेल.

सोल्डरवाला
कोल्हापुरात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दर उन्हाळ्यात घरी उघडलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात. बॅटरीचा कनेक्टर न काढताच काम केलेलं, कीबोर्डची पट्टी लॉक न उघडता ओढलेली, स्क्रूची डोकी घासून गेलेली.

मागच्या वर्षी एका मुलानं व्हिडिओ बघून पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रव धातू, लावलं. ते गॅलियमचं असतं, त्यातून वीज वाहते. थेंब शेजारच्या कपॅसिटरवर गेला आणि बोर्ड जळाला. वडिलांनी हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप होता. त्या पोराचा चेहरा मी विसरलेलो नाही. हीटसिंक अ‍ॅल्युमिनियमची असेल तर गॅलियम तिलाही खातं. आसुसच्या काही आरओजी गेमिंग मॉडेलमध्ये ते कारखान्यातूनच भरलेलं येतं. तिथे माहिती न काढता हीटसिंक उचललीत तर पंचाईत. म्हणून "स्वतः बदला" असं सरसकट सांगू नका.

वऱ्हाडी_गेमर
भाऊ, तुमच्यासारखे दुकानदार सगळीकडे असते तर मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाच नसता. लिक्विड मेटलबद्दल शंभर टक्के मान्य, नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

पण पुणेरीभाऊ, पेस्ट निर्दोष नाही. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपमध्ये हीटसिंक थेट उघड्या चिपवर बसते. रोज तापून-थंड होऊन पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते आणि मधला भाग कोरडा पडतो. म्हणूनच हनीवेलच्या पीटीएम ७९५० सारखे फेज चेंज पॅड लोक वापरतात. ते साधारण ४५ अंशांना मऊ होतात आणि चिपला धरून राहतात.

पुणेरी_पीसी
मग आधी तपासा तरी! पंखे साफ करा, एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, गेम सुरू करा. तापमान चार-पाच मिनिटं घेत चढलं तर अडचण हवेची. दोन-तीन सेकंदांत ९५ वर उडी मारली, किंवा एकच कोअर बाकीच्यांपेक्षा १५ अंशांनी जास्त दिसला, तर संशय पेस्टवर. कॅलेंडर बघून पेस्ट बदलणं मला पटत नाही.

मृगजळ
सगळे उघडण्याच्याच गोष्टी करताय. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो. वर गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधला. माझा लॅपटॉप ९४ वरून ७८ वर आला, खर्च शून्य.

वऱ्हाडी_गेमर
ताई, निदान करेपर्यंत ठीक. पण धूळ आतच राहिली की पुढच्या मे महिन्यात मर्यादा आणखी खाली आणावी लागेल. टर्बोसाठी पैसे मोजलेत ना आपण?

नवखा_२१
माझा दोन वर्षांचा आहे, वॉरंटी ऑक्टोबरपर्यंत. आता ९३ जातोय. उघडू का?

सोल्डरवाला
ऑक्टोबरपर्यंत पेस्टला हात लावू नकोस. तापमानाचे फोटो काढून कंपनीकडे जा, साफसफाई वॉरंटीत मागून बघ. तोवर गादीवर ठेवून खेळू नकोस, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव. ब्लोअरनं बाहेरून धूळ उडवायची तर पूर्ण बंद करून, आणि जाळीतून टूथपिक घालून पंखा अडवून धर. वाऱ्यानं तो भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं.

पुणेरी_पीसी
मॅन्युअलही वाच. रॅम बदलायला झाकण उघडलं तरी काही कंपन्या वॉरंटी रद्द करत नाहीत. तसं असेल तर पंखे आत्ताच ब्रशनं साफ कर. हीटसिंकचे स्क्रू मात्र सोडवू नकोस.